पोलार्डबाईंच्या नावावर

शनिवार, ९ जानेवारी २०२१

या वहीची तीस-बत्तीस पानं उरली आहेत, म्हणून आज नवीन मागवली. ही पाचवी. मला रोजचं लिहून ठेवायची हौस कधीच नव्हती. सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत डॉक्टरांचं अक्षर लावण्यात गेली, तेवढं लेखन-वाचन जन्माला पुरे असं वाटायचं. पण वह्या घरात येऊन पडायला लागल्या, आणि कोरी वही कपाटात ठेवून देणं म्हणजे ताटात वाढलेलं तसंच टाकून उठण्यासारखं. म्हणून लिहिते.

वह्या येतात नेदरलँड्समधून, उट्रेख्ट नावाच्या गावाहून. तिथे एक मुलगी हाताने वह्या बांधते आणि ऑनलाइन विकते. जाड पान, पाठीला दोऱ्याची शिवण, वर कापडी पुठ्ठा. दुकानाच्या साइटवर तिचा चेहरा नाही, नुसते हात आहेत, सुई धरलेले. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी एक फिकट डाग दिसतो. तो कुकरच्या वाफेचा आहे. सात वर्षांची होती तेव्हा, मी नको नको म्हणत असताना शिटी उचलायला गेली होती.

मुलगी माझी आहे. वरदा. साडेचार वर्षं आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही. तिच्या वह्या मी घेते हे तिला माहीत नाही. मी त्या शेजारच्या मिसेस पोलार्डच्या नावावर मागवते, पत्ताही त्यांचाच, चौदा नंबर. आमचं सोळा. डॉरीन पोलार्ड चौऱ्याऐंशीच्या आहेत, वरदा गेल्यावर इथे राहायला आल्या, एकट्या राहतात. त्यांना मी सांगून ठेवलंय की घरी पार्सल आलं तर नवरा खर्चावरून बोलेल. गिरीश जन्मात कधी खर्चावरून बोललेले नाहीत, पण नवऱ्याचं नाव पुढे केलं की बायकांना लगेच पटतं, मग त्या लंडनच्या क्रॉयडनमधल्या इंग्रज का असेनात.

टपालासकट पन्नास युरो होतात. 'वर काही द्यायचं असल्यास' असा एक चौकोन आहे, त्यात मी दर वेळी एक टाकते. शून्यावर संपणारा आकडा माझ्या हातून देववत नाही. कार्डावरचं नाव म्हणूनही बिनधास्त पोलार्डच टाकते, यंत्राने आजवर हूं की चूं केलेलं नाही. या वेळी हिरवा पुठ्ठा निवडला.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. लॉकडाउनमुळे मंडळाचं हळदीकुंकू नाही. सकाळी तिळगूळ केला तो जरा कडकच झाला. कुंपणावरून डॉरीनला दिला. त्यांची कवळी आठवून मग जिवाला घोर लागला, पण त्या म्हणाल्या, चहात बुडवून खाल्ला, लव्हली होता.

वरदाला मऊ वडी आवडायची. कडक झाली की सरळ म्हणायची, "आई, हा गूळ नाही, बिल्डिंग मटेरियल आहे." तोंडावर खरं बोलायची सवय लहानपणापासूनच. त्या सवयीनेच सगळं झालं. नाही, ते खरं नाही. इथे तरी खोटं लिहू नये.

गिरीशच्या साठीशांतीला हॉलमध्ये एकशेवीस माणसं होती. वरदाने मेडिकल चौथ्या वर्षी सोडून सात महिने झाले होते, आणि मी सगळ्यांना सांगत होते, "आमची वरदा फायनल इयरला." जेवणाच्या पंक्तीत शशिधर काकांनी तिला विचारलं, स्पेशलायझेशन कशात करणार? ती म्हणाली, "काका, मी कोर्स सोडला. मी बुकबाइंडिंग शिकायला हॉलंडला चाललेय." झालं. एकशेवीस माणसांनी एकदमच वाटीतली कढी ढवळायला घेतली.

हॉलच्या स्वयंपाकघरात पुरणपोळ्यांच्या डब्यांसमोर मी तिला म्हणाले, "तू माझ्या पोटी आलीस हेच माझं चुकलं."

तिने पोळ्यांचा डबा बाहेर नेऊन ठेवला, बाबांच्या पाया पडली आणि संध्याकाळच्या ट्रेनने गेली. पहिल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला तिचा मेसेज आला होता. मी उत्तर दिलं नाही. कारण तेव्हा मला वाटत होतं की माफी तिने मागायला हवी. आता वाटत नाही, पण आता कुठल्या तोंडाने सुरुवात करायची ते कळत नाही.

रविवार, १७ जानेवारी

गिरीश नेहमीसारखे अकरा वाजता फिरायला गेले. दर रविवारी तासभर, पाऊस असो की वारा. गुडघा दुखतो म्हणून मी म्हटलं, आज राहू द्या. तर म्हणाले, "डॉक्टर मी आहे की तू?" हाडांच्या डॉक्टरला कोण सांगणार! हेडफोन लावून गेले. परत येतात तेव्हा चेहरा कसा टवटवीत असतो. चालण्याचा फायदा आहे खरा.

शुक्रवार, २२ जानेवारी

घात झाला.

दुपारी डॉरीनचा फोन. आवाजात चांगलाच विजय होता. 'प्रमोदिनी' त्यांच्या जिभेवर बसत नाही. म्हणाल्या, "प्रॅमो, मी आज एका भामट्याला पळवून लावलं." कुरिअरचा माणूस दारात पार्सल घेऊन उभा होता आणि म्हणत होता की आधी सतरा पौंड साठ पेन्स भरा, कस्टम्सचे. डॉरीनना महिन्याभरात तसले तीन मेसेज आलेत, तुमचं पार्सल अडकलंय, पैसे भरा म्हणून. टीव्हीवरही रोज सांगतात, फसू नका. तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं, "मी काही मागवलेलं नाही. जिथून आणलंस तिथे परत ने." त्याने पार्सलवर 'नाकारले' लिहिलं, त्यांची सही घेतली आणि गेला.

मी म्हटलं, "डॉरीन, ते माझं होतं." त्या म्हणाल्या, "ओ लव्ह. पण त्याने आधी कधी पैसे नाही मागितले."

नाही मागितले, कारण आधी आपण युरोपात होतो. आता नाही. एक तारखेपासून उट्रेख्टहून वही आणायची म्हणजे परदेशातून माल आणणं. इतक्या वर्षांत या ब्रेक्झिटवर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर शंभरदा वादावादी झाली असेल, मासे, लॉऱ्या, आयर्लंड, सगळं झालं. माझ्या वहीचं कोणी बोललं नाही.

गिरीशनी विचारलं, का ग, चेहरा का असा? मी म्हटलं, ॲसिडिटी. त्यांनी गोळी आणून दिली. मी फार्मासिस्ट बाई मुकाट्याने ती घेतली.

मंगळवार, २ फेब्रुवारी

पोलार्डबाईंच्या नावाने मी जी ईमेल उघडून ठेवली आहे, तिच्यावर दुकानाचं पत्र आलं. आजवर फक्त यंत्राच्या पावत्या यायच्या. हे माणसाने लिहिलेलं होतं. इंग्रजीत आहे, मी इथे मराठीत उतरवते, म्हणजे ते माझ्याशी बोलल्यासारखं वाटेल.

"प्रिय मिसेस पोलार्ड, तुमची हिरवी वही आज माझ्याकडे परत आली. वर 'नाकारले' असं लिहिलंय. माझ्या कामात काही उणं राहिलं का? तुम्ही माझ्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक आहात, म्हणून विचारते. राग आला असेल तर सांगा, मनात ठेवू नका. वरदा."

खाली सही नुसती वरदा. मी फोन बंद केला, परत उघडला, परत वाचलं. इतक्या वर्षांनी पोरीचे चार शब्द आले आणि ते आले शेजारणीला.

राग आला असेल तर सांगा म्हणते. एक पार्सल परत गेलं तर हिला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. ही सवय हिला कोणी लावली, ते मला ठाऊक आहे.

बुधवार, ३ फेब्रुवारी

सकाळपासून सहा वेळा लिहून खोडलं. इंग्रज म्हातारी कशी लिहील, ते आधी ठरवावं लागतं. शेवटी हे पाठवलं:

"प्रिय वरदा, तुझं काही चुकलेलं नाही. कस्टम्सचा गैरसमज झाला, चूक माझी. कृपया वही परत पाठव, लागतील ते पैसे मी भरीन. तुझ्या वह्या फार सुंदर असतात. मी त्यात रोज लिहिते. थंडी फार आहे, गळ्याला काहीतरी गुंडाळत जा आणि वेळेवर जेवत जा. तुझी, डॉरीन पोलार्ड."

पाठवून झाल्यावर शेवटचं वाक्य जरा जास्त झालं असं वाटलं. पण इंग्रज म्हाताऱ्याही प्रेमळ असतात. डॉरीन नाही का मला सारखं टोपी घाल म्हणून सांगत.

शनिवार, ६ फेब्रुवारी

उत्तर आलं! दुपारची कणीक तशीच टाकून वाचलं.

"प्रिय मिसेस पोलार्ड, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. गळ्याला मफलर आहे. जेवण कधीकधी चुकतं, पण आता लक्ष ठेवीन. वही सोमवारी परत पाठवते. तुमचा नेहमीचा वरचा एक युरोही मिळालाय. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुठल्याही ब्रिटिश गिऱ्हाइकाने कधी एक युरो वर दिला नाही, म्हणून तो मी वेगळा ठेवते. तुम्हीही जपा. वरच्या फडताळातलं काढायला स्टुलावर चढू नका."

किती गुणाची पोर. परक्या म्हातारीची एवढी काळजी. आणि कसं बरोबर ओळखलं की म्हाताऱ्या स्टुलावर चढतात! मागच्याच महिन्यात मी पुरणयंत्र काढताना धडपडले होते, गिरीश केवढे ओरडले. डॉरीनच्या घरात तर स्टूलच नाही.

बाकी एक ओळ मात्र काळजाला लागली. 'जेवण कधीकधी चुकतं.' काय करत असेल ही एकटी? कोणी सोबत आहे का? भाकरीचं पीठ मिळतं का तिथे? तिच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे हेदेखील मला ठाऊक नाही. आईला ठाऊक असायला हवं.

रविवार, १४ फेब्रुवारी

गिरीश फिरून आले आणि जेवताना सहज म्हणाले, "तिकडे तर कॅनॉल गोठलेत म्हणे. लोक स्केटिंग करतायत." मी विचारलं, तिकडे म्हणजे कुठे? "हॉलंडमध्ये," म्हणाले, "न्यूजमध्ये होतं." मग एकदम वरणाला मीठ कमी आहे म्हणाले. नव्हतं कमी. वय झालं की जिभेची चव जाते.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

वही आली. या वेळी डॉरीनना मी पैसे आधीच देऊन ठेवले होते, त्यांनी कुरिअरच्या माणसाला मोजून दिले आणि वर पावती मागून घेतली. पन्नास युरोच्या वहीला सतरा पौंड साठ. अर्धे सरकारचे, अर्धे पार्सल हाताळल्याचे. माझ्या लेकीच्या हातची वस्तू माझ्या हातात यायला मधल्या माणसाला दक्षिणा! पण खरं सांगायचं तर सत्तर मागितले असते तरी दिले असते.

हिरवी वही उघडली तर आतल्या ओळी नेहमीपेक्षा रुंद आणि गडद. मागच्या चार वह्या अगदी बारीक ओळींच्या होत्या. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन लॉकडाउनमुळे पुढे ढकललंय, हल्ली बारीक ओळ दिसतच नाही. काय योगायोग आहे. वास घेतला. कांजीचा आणि कापडाचा. बाकी कसला वास येईल असं मला वाटलं होतं, कोण जाणे.

आत एक छापील चिठ्ठी होती. ती ब्रिटनमधल्या सगळ्याच गिऱ्हाइकांसाठी आहे. इकडे माल विकायचा तर आता इथल्या टॅक्स खात्यात नाव नोंदवा, दर तीन महिन्यांनी हिशेब भरा, प्रत्येक पार्सलला तीन फॉर्म. एकटीच्या दुकानाला हे झेपत नाही. एकतीस मार्चला संध्याकाळी सहानंतर ब्रिटनच्या ऑर्डरी बंद. खाली पेनने लिहिलंय: "मिसेस पोलार्ड, मला वाईट वाटतं. व."

म्हणजे संपलं. एवढा एक दोरा होता, तोही एकतीस तारखेला तुटणार. दोन वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते की बोलायला काय, कधीही बोलू, तोवर वह्या तर येतायत. वह्यांच्या आडोशाला बसून मी वेळ काढत होते.

बुधवार, १० मार्च

आज दुपारी चहा पिताना गिरीश म्हणाले, "प्रमोदिनी, एक लाइन लिहायला काय लागतं ग?"

"कोणाला?"

"कोणालाही. जनरल बोलतोय."

"जनरल बोलायचं असेल तर मंडळाच्या मीटिंगमध्ये बोला," मी म्हटलं. ते हसले आणि बिस्किट बुडवत बसले. मग म्हणाले, "हट्टाच्या बाबतीत तुम्ही दोघी सख्ख्या मायलेकी आहात. मी मध्ये पडणार नाही असं ठरवलं होतं. चुकलं माझं."

मी उठून कप विसळायला गेले. साडेचार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी 'दोघी' म्हटलं.

शुक्रवार, १९ मार्च

आज लशीचा पहिला डोस झाला. रांगेत पुढे एक आई आणि तिची मोठी मुलगी होती. मुलगी आईचा कोट धरून उभी होती. नुसता कोट धरलेला, आणि दोघी आपापल्या फोनमध्ये. एवढंच. मला घरी येईपर्यंत पुरलं.

बुधवार, ३१ मार्च

सकाळपासून ठरवलं होतं की शेवटची ऑर्डर माझ्या नावाने द्यायची. प्रमोदिनी देवस्थळी, सोळा नंबर. म्हणजे बोलावं न लागता बोलल्यासारखं होईल, आणि तिला काय करायचं ते ती करील.

साडेतीनला बसले. नाव लिहिलं. खोडलं. पोलार्ड लिहिलं. खोडलं. तिने पैसे परत पाठवले तर? 'नाकारले' असं लिहून? हातात सहापर्यंत वेळ होता, म्हणून मनाशी म्हटलं, आधी भाजी टाकावी, मन थाऱ्यावर येईल. पाच वाजून दहा मिनिटांनी परत बसले. नाव लिहिलं, एकावन्न केले, बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'तुमच्या देशात ही सेवा उपलब्ध नाही.'

वाटलं यंत्र बिघडलं. मग डोक्यात उजेड पडला. सहा म्हणजे तिकडचे सहा. तिकडचं घड्याळ तासभर पुढे. सव्वीस वर्षं गोळ्यांच्या वेळा लोकांना समजावून सांगणारी मी बाई.

गिरीशना हाक मारली आणि त्यांच्यासमोर रडले. कशासाठी ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, पाठीवर हात ठेवून उभे राहिले. भाजी करपली.

गुरुवार, १ एप्रिल

आता आडोसा राहिला नाही. नाव बदलून मागवायला दुकानच उरलं नाही. सकाळी अंघोळ करून, देवाला दिवा लावून, माझ्या स्वतःच्या ईमेलवरून लिहिलं. मराठीत. तिला देवनागरी अडखळत का होईना, वाचता येते, रविवारच्या मराठी शाळेत मीच ओढून नेत असे. काय लिहिलं ते इथे ठेवते, म्हणजे नंतर मला त्यात सुधारणा करता येणार नाही.

"वरदा, मी आई. साठीच्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुला जे बोलले ते चूक होतं. लोकांशी खोटं मी बोलत होते. तू खरं बोललीस, म्हणून मला सहन झालं नाही. तू माझ्या पोटी आलीस हे माझं भाग्य आहे, आणि हे सांगायला मला साडेचार वर्षं लागली याची लाज वाटते. मला माफ कर. तुझ्या वह्या मी वापरते. तुझं काम फार चांगलं आहे. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. आई."

पाठवलं. अकरा वाजून पाच मिनिटं, आमच्या घड्याळात.

शुक्रवार, २ एप्रिल

काही नाही.

सकाळपासून किती वेळा फोन पाहिला ते लिहायची लाज वाटते. गुड फ्रायडेची सुट्टी आहे, तिकडेही असेल. किंवा वाचून बंद केलं असेल. तिच्या पहिल्या मेसेजला मी उत्तर दिलं नव्हतं तेव्हा ती किती दिवस अशी फोन बघत बसली असेल? हा विचार मला आजवर शिवलाही नव्हता. वाढदिवस होता, मी केक खात होते.

शनिवार, ३ एप्रिल

काही नाही. गिरीश दुपारी बागेत फोनवर बोलत होते. मला पाहून त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, हॉस्पिटलचा जुना मित्र. मी म्हटलं, मग आत बसून बोला की, गार वारा आहे. मला कशातच लक्ष नाही. पोळी दोनदा लाटली.

रविवार, ४ एप्रिल

अकरा वाजले तरी गिरीश फिरायला गेले नाहीत. समोरच्या खुर्चीत पेपर उलगडून बसले होते आणि पान काही उलटत नव्हते. सव्वाअकराला माझा फोन वाजला. मेसेज. मी चष्मा शोधू लागले तर तो त्यांनी आधीच हातात धरून ठेवला होता.

तिचं मराठी जसं आहे तसंच उतरवते. एक अक्षर बदलवत नाही.

"आई, तुझा मेल मी खूप वेळा वाचली. दोन दिवस मला काय लिहायचा ते समजला नाही, सॉरी. मी पण चुकली. मी तुला आधी सांगायला पाहिजे होता, सगळ्या लोकांसमोर नाही. मिसेस पोलार्डला माझा थँक यू सांग."

इथे मी थांबले. परत वाचलं. गिरीशकडे पाहिलं.

"हिला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या वहीपासून," ते म्हणाले. "मला फोन करून म्हणाली, बाबा, आईने वही ऑर्डर केलीय. खूप रडत होती. म्हणाली, तिला सांगू नका, नाहीतर ती ऑर्डर करणं थांबवेल."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"ती म्हणाली सांगू नका. तू सांगितलं नव्हतंस. मी दोघींच्या मध्ये दर रविवारी पार्कात चकरा मारतोय, गुडघ्याची वाट लागली माझ्या."

मला रागवायचं होतं, पण जमलं नाही. विचारलं, "अहो, ती चहात अजून दोन चमचे साखर घेते का?"

"साखर बंद केलीय. आणि ते ओटचं दूध लागतं तिला." एका दमात सांगितलं. माझ्या लेकीच्या चहाची सगळी माहिती माझ्या घरातच, समोरच्या खुर्चीत बसलेली होती. त्यांचा हेवा वाटला, आणि मग बरं वाटलं की निदान कोणीतरी तिला दर रविवारी विचारत होतं.

मेसेज अजून शिल्लक होता.

"तुला वही पाठवायला मला आता जमत नाही. पण मी येऊ का? सतराला फ्लाइट आहे. टेस्ट करून येते. फक्त एक प्रॉब्लेम आहे. आल्यावर दहा दिवस मला तुमच्या घरातून बाहेर जायला नाही मिळत. रूल आहे, रोज फोन करून चेक करतात. म्हणजे भांडण झाला तरी मी ट्रेन पकडून जाऊ शकत नाही. तुला चालते का? नाहीतर मी दुसरीकडे राहते, मला राग नाही येणार."

मी चष्मा पुसला. गिरीश पेपर बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना मजकूर आधीच माहीत असणार, पण माझं उत्तर माहीत नव्हतं.

मागच्या खोलीत शिवणयंत्र, इस्त्रीचे कपडे आणि माझी नको ती खोकी भरली आहेत. ती खोली तिची आहे. आधी पडदे धुवायला हवेत. ओटचं दूध कुठलं आणायचं ते विचारायला हवं. आणि दहा दिवसांत माझ्या तोंडून काही वाकडं गेलंच, तर या वेळी डबा तिच्या हातून काढून घेऊन मला तिच्यासमोर उभं राहावं लागेल. त्याची भीती वाटते, अजूनही वाटते.

मी लिहिलं, "चालेल." पाठवल्यावर ते फार कोरडं वाटलं. म्हणून लगेच पुन्हा लिहिलं, "दहाच का?"